इंजिन गरम झालं की मधूनच ठोका येतो, बिग-एंड (पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग) गेलंय म्हणतात. इंजिन उतरवू का?

कार्बुरेटरवाली

गाडी जुनी आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, पाच गिअर. मीटर १,८०,००० किलोमीटरच्या पुढे गेलाय आणि इंजिन आजवर एकदाही खोललेलं नाही.

तक्रार अशी. गार इंजिन सुरू केलं की काहीच नाही, छान चालतं. टेम्परेचरचा काटा जागेवर आला, गाडी सिग्नलला उभी राहिली, की बॉनेटच्या पुढच्या अंगाने ठक, ठक, ठकठक, ठक. कधी मिनिटभर चालू राहतो, कधी दिवसभरात येतच नाही. जरा रेस दिली की गायब. धावत्या गाडीत ऐकू येत नाही, निदान मला तरी. मेकॅनिककडे नेली की हमखास गप्प, हे सांगायला नकोच. शेवटी एकदा त्याच्यासमोर आवाज आला. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकलं आणि म्हणाला, "बिग-एंड बेअरिंग गेलं. इंजिन उतरवायचं."

ऑइल काडीच्या वरच्या खुणेला आहे, मुदतीत बदललेलं आहे. ऑइलचा दिवा लागत नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) मोजून घेतले, त्यांनी काही फरक पडला नाही.

आणखी एक, याच्याशी संबंध नसावा बहुतेक: मागे ट्यूनिंग करताना टायमिंग लाइट (ठिणगी पडली की लुकलुकणारा दिवा) लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडावी ते, "बरोबर" केलं, तेव्हापासून गाडीचा पिकअप मेल्यासारखा झालाय. चढावर गिअर आधीच खाली घ्यावा लागतो. काटाही पूर्वीपेक्षा रेघभर वर असतो.

इंजिन उतरवायला माझी हरकत नाही. पण त्याआधी घरी तपासण्यासारखं काही आहे का? पाने आहेत, टायमिंग लाइट आहे, मॅन्युअल आहे.

निवांत_चाललोय

जाड ऑइल टाका, आवाज बंद. जुन्या इंजिनाला तेवढं चालतं.

क्लचप्लेट

जाड ऑइलने आवाज दबतो, कारण तसंच राहतं. बेअरिंग खरंच गेलं असेल तर ते गुपचूप आणखी खात राहील.

आधी एक सोपी गोष्ट करा. आवाज चालू असताना न्यूट्रलमध्येच क्लच पूर्ण दाबा. आवाज बदलला किंवा गेला तर मागच्या बाजूला बघा: फ्लायव्हीलचे (इंजिनाच्या मागच्या टोकाच्या जड चाकाचे) बोल्ट, क्लचची प्लेट, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले झाले की हुबेहूब बिग-एंडसारखा ठोका देतात. त्या नादात चांगली इंजिनं खोलली गेलेली मी पाहिली आहेत. तुम्ही आवाज पुढून येतो म्हणताय, पण क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य शाफ्ट) ही पुढून मागेपर्यंत एकसंध लोखंडी दांडी आहे. मागचा आवाज पुढे आणि पुढचा मागे आरामात पोचतो.

फीलरगेज

ताई, इंजिन उतरवू नका. अजून तरी नाही.

आयुष्य इंजिनं बांधण्यात गेलं, म्हणून जरा लांब लिहितो. आवाज कुठून येतो हे सगळे आधी विचारतात. मी आधी विचारतो, कधी येतो आणि कधी जातो. तुमच्या वर्णनात त्याचं बरंचसं उत्तर आहे.

गार असताना येऊन गरम झाल्यावर जाणारा ठोका बहुतेक वेळा पिस्टन स्लॅपचा असतो. पिस्टन झिजलेल्या सिलिंडरमध्ये डुलतो, तापून फुगला की बसतो. तुमचं उलट आहे, म्हणून तो बाद. चढावर, टॉप गिअरमध्ये एक्सलेटर दाबल्यावर खडखड खडे वाजल्यासारखा आवाज आला असता तर मी इंधनाच्या अवेळी पेटण्याकडे बघितलं असतं: हलकं पेट्रोल, हेडमधला कार्बन, टायमिंग पुढे गेलेलं. तो लोडवर येतो आणि पाय उचलला की थांबतो. तुमचा न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत येतो. तोही बाद.

आता बिग-एंड. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगची फट बोलायला लागते, त्यामुळे मेकॅनिकचा संशय अगदीच हवेतला नाही. पण बिग-एंड रेस दिल्यावर गप्प बसत नाही, उलट तेव्हाच तोंड उघडतं. इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) धरा आणि एक्सलेटर किंचित, अगदी किंचित सोडा. बेअरिंग सैल असेल तर त्या सोडण्याच्या क्षणी खडाखड ऐकू येईल. तुम्ही म्हणता रेस दिली की आवाज गायब. हे मला पटत नाहीये.

दुसरं, तुम्ही लिहिलंय "ठक, ठक, ठकठक, ठक". असंच मोजूनमापून लिहिलंय की सहज? कारण बेअरिंगचा ठोका क्रँकला बांधलेला असतो, चुकत नाही. ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला तेराच्या वर फेरे मारते, व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे. कानाने तेरा मोजता येत नाहीत, पण तुमच्याकडे टायमिंग लाइट आहे. तो एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. तुमच्या इंजिनात तो क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा लुकलुकेल. लुकलुक आणि ठोका एकत्र पडत असतील तर आवाज कॅमच्या चालीचा: टॅपेट, रॉकर, मेकॅनिकल फ्यूएल पंपाचा हात. एका लुकलुकीला दोन ठोके पडत असतील तर क्रँकच्या चालीचा. आणि मेळच बसत नसेल, ठोका मधेच चुकत असेल, मधेच दोन जोडून येत असतील, तर काहीतरी सैल होऊन आपल्या मर्जीने हलतंय. ते बेअरिंग नव्हे.

तिसरं, एकेक सिलिंडर बंद करून बघा. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, तो प्लग ब्लॉकला घट्ट टेकवून अर्थ करा, मग सुरू करा. चालू इंजिनात वायर उपटून लोंबकळत ठेवू नका; झटका बसतो आणि कॉइलही जाते. बिग-एंड असेल तर ज्या सिलिंडरचं ते आहे तो बंद केल्यावर ठोका स्पष्ट मऊ होतो, कारण पिस्टनवरचा स्फोटाचा धक्काच नाहीसा होतो. चारही करून काहीच फरक पडला नाही तर बिग-एंडची बाजू फार लंगडी होते. सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर हे पटकन उरका; न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो भाजून निघतो.

ऑइलचा दिवा लागत नाही यावर विसंबू नका. तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर लागतो, म्हणजे घर जळाल्यावर घंटा. प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावा आणि गरम इंजिनात आकडे घ्या. जुना ठोकताळा असा की दर १,००० आरपीएमला ०.७ बारच्या आसपास हवं. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

आणि आता ती ओळ, जी तुम्ही "संबंध नसावा" म्हणून शेवटी टाकलीत. मला सगळ्यात जास्त रस त्याच ओळीत आहे. टायमिंग लाइटने खुणेवर लावूनसुद्धा पिकअप मेला आणि इंजिन जास्त तापायला लागलं, हे लक्षण टायमिंग मागे पडल्याचं. लाइट खोटं बोलत नाही, मेकॅनिकनेही खुणेवरच लावलं असेल. मग खूण खोटी आहे का?

क्रँकच्या पुढच्या टोकाला पट्ट्याची जी पुली असते, ती बऱ्याच इंजिनांत एकसंध नसते. मधला हब, त्यावर रबराचा थर, त्यावर जड बाहेरची रिंग. क्रँकची पिळवटणारी कंपनं ते रबर खातं. वर्षानुवर्षं उष्णता आणि ऑइल लागून रबर चिरतं, सुटतं, आणि रिंग हबवर सरकायला लागते. टायमिंगची खूण बहुधा त्या बाहेरच्या रिंगवरच कोरलेली असते.

पुढे काय ते तुम्हीच बघा. रिंगच्या तोंडावरून हबपर्यंत खडूची किंवा रंगाची एक सरळ रेघ मारा. गाडी नेहमीसारखी चालवा आणि मग रेघ बघा. कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवा, डोळ्यांवर भरवसा नको. इंजिन बंद असताना रिंग दोन्ही हातांनी हलवून बघा, आणि क्रँकचा मधला बोल्ट घट्ट आहे ना हेही. तो ढिला असेल तर हब क्रँकवरच्या चावीवर (हब जागेवर धरणारा छोटा तुकडा) आपटतो आणि तोही असाच वाजतो.

निवांत_चाललोय

एका खटखटीसाठी एवढं? आमच्याकडे एकाच्या गाडीत एसीचा कंप्रेसर वाजत होता, पट्टा काढला आणि आवाज गेला. पाच मिनिटांचं काम.

फीलरगेज

बरोबर आहे, पट्टा काढून बघणं मी लिहायचं ठेवलं होतं. पण पाच मिनिटं नाही. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो आणि इथे इंजिन गरम असतानाच बघायचंय. अर्धं मिनिट, फार तर एक, आणि बंद. हातात पाना, केस बांधलेले, बाही वर. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, हे विसरू नका.

कार्बुरेटरवाली

सगळं केलं. थोडं विस्कळीत आहे, जसं झालं तसं लिहिते.

क्लच दाबून फरक नाही. २,५०० ला धरून एक्सलेटर हळूच सोडला, खडखड नाही, पुन्हा पुन्हा केलं तरी नाही. चारही सिलिंडर एकेक करून बंद केले. इंजिन थरथरतं, पण ठोका आहे तसाच. एकदा वाटलं की तीन नंबरला कमी झाला, पण मग तो आपोआपच थांबला होता, वायर परत लावली तरी नव्हता.

गेजवर गरम आयडलिंगला १.२ बार, ३,००० ला ३.४.

टायमिंग लाइटचं मात्र मजेशीर निघालं. अंधारात बसून ऐकत राहिले. दोन लुकलुकींत कधी एक ठोका, कधी तीन, कधी शांत. "ठकठक" सहज लिहिलं नव्हतं, तसंच ऐकू येत होतं. आणि हे कोणी सांगितलं नव्हतं: हेडलाइट आणि काचेचा हीटर एकदम चालू केला की ठोका जास्त येतो. बंद केला की काही क्षणांत विरतो. पट्टा काढून सुरू केलं तेव्हा ठक गेली, पण पुढून एक बारीक किरकिर उरली.

रेघ मारली होती. आठवड्याने बघितली तर हबवरची आणि रिंगवरची रेघ समोरासमोर नाहीत. थोडाच फरक आहे, दोन मिलिमीटर असेल. रिंग मागे राहिलीय, फिरण्याच्या उलट दिशेला. आरशाने आतून बघितलं तर रबराची एक जीभ बाहेर लोंबतेय.

अल्टरनेटर खराब असेल का? हेडलाइट लावल्यावर वाढतो म्हणून विचारते.

क्लचप्लेट

रबराची जीभ दिसली म्हणजे फ्लायव्हीलचा माझा संशय मी मागे घेतो.

फीलरगेज

अल्टरनेटर नाही, पण तुम्ही केलेली तपासणी फार मोलाची आहे. हेडलाइट लावले की अल्टरनेटर जड होतो, पट्टा पुलीच्या बाहेरच्या रिंगला मागे खेचतो. हब पुढे, रिंग मागे, मध्ये फाटलेलं रबर. आयडलिंगला प्रत्येक स्फोटाचा हिसका क्रँकला वेगळा बसतो, म्हणून रिंग मागेपुढे आपटते. रेस दिली की हिसके जवळजवळ येतात, जड रिंग आपल्याच वेगाने सरळ फिरत राहते आणि आवाज विरतो. गार असताना रबर कडक, पकड घट्ट. गरम झालं की नरम. कधी दिवसभर आवाज येत नाही कारण रिंग सरकून कुठेतरी अडकून बसते. पट्टा काढल्यावरची किरकिर त्या लोंबत्या जिभेची असावी.

रिंग मागे सरकते म्हणजे खूण उशिरा पोचते. आता मेकॅनिकच्या जागी उभं राहा. ठिणगी योग्य जागी पडतेय, पण खूण अजून आलेलीच नाही. लाइटमध्ये दिसतं की टायमिंग फार पुढे गेलंय. तो डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी मागे घेतो, खूण जुळते, सगळे खूश. आणि गाडी चढावर रडते. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या दारात जळतं, म्हणून काटाही रेघभर वर. त्या माणसाला दोष देऊ नका, खुणेवर संशय घ्यायचं त्याला कारण नव्हतं. बिग-एंडचं तेवढं घाईत बोलला.

किती अंश मागे आहे ते बघायचं असेल तर खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शोधा. पेन्सिल किंवा गज भोकात घालून "वर आला बहुतेक" असं करू नका. पिस्टन वरच्या टोकाला बराच वेळ रेंगाळतो, चार-पाच अंश सहज चुकतात. चारही प्लग काढा. एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा, म्हणजे पिस्टन वर येण्याआधीच थांबेल असा थोडा लांब, गोल टोकाचा बोल्ट. जुन्या प्लगच्या आतली चिनी माती काढून त्याच्या शरीरात तो करता येतो. क्रँक पान्याने हळू फिरवा, थांबेल तिथे स्थिर खुणेसमोर रिंगवर रेघ. मग उलट फिरवा, पुन्हा थांबेल तिथे दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. स्टार्टर चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल.

रिंगचा व्यास १५० मिलिमीटर असेल तर परिघावरचा १.३ मिलिमीटर म्हणजे एक अंश.

कार्बुरेटरवाली

रिंग १५० च आहे. रिंगवरच्या टीडीसीच्या खुणेपासून खरा मध्य १३ मिलिमीटर दूर. म्हणजे दहा अंश? मॅन्युअलमध्ये टायमिंग टीडीसीच्या आधी ८ लिहिलंय.

फीलरगेज

म्हणजे तुमची ठिणगी टीडीसीनंतर दोन अंशांवर पडत होती. तरीही गाडी चालत होती, यातच इंजिनाची तब्येत कळते.

पुली बदला. रिंगला वेल्डिंग मारून देतो असं कोणी म्हणालं तर नमस्कार करा आणि निघा. रबर गेलं की क्रँकची कंपनं कोणी खात नाही आणि क्रँकलाच तडा जायची वेळ येते. जुनी काढताना पुलर बाहेरच्या रिंगला लावू नका, हबला आटे असतात तिथे लावा. हातोडा नको. पुली निघालीच आहे तर तिच्या मागचं ऑइल सील बदला, आणि हबवर सीलने खळगा पाडलाय का ते नखाने बघा. क्रँकची चावी आणि तिचा खाचा झिजलेला नाही ना तेही. मधला बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला.

नवीन पुली बसली की पिस्टन स्टॉप आणखी एकदा लावा आणि नवी खूण टीडीसीला खरंच येते का ते तपासा. डब्यातून आली म्हणून बरोबरच असेल असं नाही. मग टायमिंग ८ ला. चढावर खडे वाजले तर एकदोन अंश मागे घ्या.

निवांत_चाललोय

जाड ऑइल टाकू नका मग.

कार्बुरेटरवाली

बसवली. ठक गेली, हेडलाइट लावून गरम इंजिनात उभी राहिले तरी नाही. चढाला तिसऱ्यातच चढते पूर्वीसारखी, काटा आपल्या जागी. सील बदललं, हबवर खळगा नव्हता.

आता मोठा आवाज गेल्यावर एक बारीक ऐकू यायला लागलाय. सकाळी पहिल्यांदा सुरू केलं की टिक टिक टिक, एक्सलेटर दिला की वाढतो, काटा हलायला लागला की बंद होतो. टॅपेटच का? ते तर नुकतेच लावलेत.

फीलरगेज

टॅपेट नसावेत. गार असताना येऊन धातू तापून फुगला की बंद होणारी आणि लोडवर वाढणारी टिकटिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटची असते बहुतेक. सकाळी गार इंजिनात बघा, हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा असेल. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं सांध्याच्या कडेने फिरवा, फुसफुस कुठे आहे ते लगेच कळेल. नळी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. एखादा नट ढिला असेल तर पूर्ण गार असताना आवळून बघा. जोर करू नका, जुने स्टड मोडतात आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं.